वरच्या पाड्याची रेष

पडद्यावरची रेष गजालाने ओळखली. गर्दीत पाठमोरं उभं असलेलं आपलं मूल नुसत्या मानेच्या कलावरून ओळखू यावं, तशी. नोव्हेंबरात चढलेली, डिसेंबरात अजून थोडी, जानेवारीत बसकण मारून खाली आलेली आणि फेब्रुवारीत उठून पुन्हा वर निघालेली. रेष हिरवी होती. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'वरचा पाडा, अकरा मुलं, सरासरी वजन'. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक मॅडम हातातल्या लाल ठिपक्याने त्या रेषेवरून वर, खाली, पुन्हा वर जात होत्या, आणि तो ठिपका जानेवारीच्या खड्ड्यात उतरला त्या क्षणी गजालाच्या छातीत सुया टोचल्यासारखं होऊन दूध उतरलं. तिने ओढणी पुढे ओढली. सभागृहात चाळीस माणसं, वर चार पंखे, बाहेर नंदुरबारचा एप्रिल. घरी अम्मीच्या मांडीवर दहा महिन्यांची अतिका ह्या वेळेला जागी होऊन तोंड फिरवून शोधत असेल, हे तिला घड्याळाकडे न पाहता कळत होतं. पण दूध त्या वेळेमुळे उतरलं नव्हतं. ते त्या रेषेमुळे उतरलं होतं. शरीराने आधी ओळखलं, मग तिने.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "मोलगीच्याही पलीकडचा पाडा. जीप जिथे थांबते तिथून दीड तास पायी. तरी पाच महिन्यांत सरासरी सात किलो चारशेवरून नऊ किलो. चित्र असं असावं. आधी चित्र बोललं पाहिजे, मग तुम्ही." मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली, मग दोन-चार जणांनी. गजालाच्या शेजारी बसलेल्या काजलने तिला कोपर मारलं. काजल रनाळ्याची. दोघी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून गेली तीन वर्षं अंगणवाड्यांकडून आलेले वजनांचे आकडे संगणकात भरत होत्या, दोघीही कंत्राटी. "तुन्हाच पाडा शे ना वं? पेढा दे आते," ती पुटपुटली. गजालाने हसण्यासाठी ओठ हलवले. मॅडमचा ठिपका अजून खड्ड्यातच फिरत होता. "फक्त इथे काय झालं? जानेवारीत सरासरी एकदम तीनशे ग्रॅमने खाली. साथ आली होती का? गोवर, हगवण? कुणाचा आहे हा पाडा?" गजालाचा हात वर गेला, शाळेत जायचा तसा, अर्धवट. "छान. उद्या साहेब येणार आहेत, तेव्हा ह्या खड्ड्याची गोष्ट तुम्ही सांगायची."

खड्ड्याची गोष्ट. ती गजालाला पाठ होती. जानेवारीत संक्रांतीनंतरचे ते दिवस-रात्र, अतिकाचं अंग तव्यासारखं, दूध तोंडात घेऊन बाजूने सोडून देणारी ती. तिच्या नवऱ्याने, मुजफ्फरने, मोटर वाइंडिंगचं दुकान भरदिवसा बंद करून आणलेली औषधं. अम्मीने उंबऱ्यावर जाळलेल्या मिरच्या. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि दवाखान्यातल्या काट्याच्या ताटलीत अतिकाला ठेवलं तेव्हा आकडा आला सहा किलो पाचशे. डिसेंबरात सहा आठशे होता. नर्सने कार्डावर लिहिलं आणि गजालाने ते कार्ड पिशवीत न टाकता हातातच धरून ठेवलं. घरी आल्यावर अम्मीने विचारलं नाही. अम्मी कधीच विचारत नसे. "बच्चे का वज़न बोलते नई, बेटा. तोलते बी नई. तुम लोगां का सरकारी काम है, तोलो. मगर मेरे सामने आकडा नको बोल." म्हणून अतिकाचं वजन त्या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. ते फक्त त्या गुलाबी कार्डावर होतं, आणि आणखी एका जागी होतं, ते आज ह्या चाळीस जणांनी पाहिलं.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. बाकीचे पुरीभाजीच्या रांगेत गेले आणि गजाला सभागृहामागच्या सामानाच्या खोलीत, सतरंज्यांच्या ढिगावर, भिंतीकडे तोंड करून, वाटीत दूध पिळत बसली. काजल दारात पाठ लावून उभी राहिली. हे त्यांचं कालपासून ठरलेलं होतं. वाटीत धारेचा बारीक आवाज येत होता. ते दूध फेकूनच द्यायचं असे, पण प्रत्येक वेळी वाटी किती भरली हे गजाला बघून ठेवी. मोजायची सवय अशी लागते. मोजायचं सोडलं तर काहीतरी हातून निसटेल असं वाटत राहतं. अतिका तीन महिन्यांची झाली आणि कंत्राट जाईल म्हणून गजाला कामावर परतली, तेव्हापासून तिला दोन गोष्टींची भीती वाटायची: घरी मूल रडत असेल ह्याची, आणि वजनं भरायच्या सरकारी पोर्टलवरच्या लाल चौकोनाची. महिनाअखेर एकही चौकोन रिकामा चालत नसे. रिकामा चौकोन लाल व्हायचा, लाल चौकोनामुळे पाडा लाल व्हायचा, पाड्यांची यादी मोबाइलच्या ग्रुपवर पडायची आणि खाली साहेबांचं एकच प्रश्नचिन्ह. दिवाळी झाली आणि वरच्या पाड्याची माणसं उसाच्या तोडीला गुजरातकडे उतरली, मुलं कडेवर घेऊन. तिथली अंगणवाडी सेविका मोतीबाई दर महिन्याला वजनाच्या वहीचं पान फोटो काढून पाठवायची. नोव्हेंबरच्या पानावर अकरा नावं होती आणि पुढे काहीच नव्हतं. मोतीबाईने खोटं काही लिहिलं नव्हतं. माणसं नाहीत, तर वजन नाही, इतकी साधी गोष्ट तिने कागदावर तशीच ठेवली होती. ती गोष्ट पोर्टलला कळत नव्हती.

गजालाने त्या संध्याकाळी मांडीवर अतिकाला घेऊन घरूनच काम केलं होतं. अकरा लाल चौकोन. काय भरायचं? मागचाच आकडा पुन्हा भरला तर पोर्टल अडवायचं. शंभर ग्रॅम वाढवावे, दोनशे वाढवावे? मूल महिन्याला किती वाढतं, हे तिला कोणत्या पुस्तकातून माहीत होतं? समोर भिंतीला खोचलेलं गुलाबी कार्ड होतं. ऑक्टोबरात पाच नऊशे, नोव्हेंबरात सहा चारशे. पाचशे ग्रॅम. तिने अकराही मुलांना पाचशे ग्रॅम दिले. सव्वा वर्षाच्याला पाचशे, चार वर्षांच्याला पाचशे. चौकोन एकेक करून हिरवे झाले आणि तिला, कबूल करायला हवं, बरं वाटलं होतं. मुलांना काहीतरी खाऊ वाटल्यासारखं. डिसेंबरात चारशे. आणि जानेवारीत तिने तीनशे वजा केले. का केले? कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. वाढवून लिहिणं सहज जमलं असतं. पण अतिका उतरलेली असताना ही मुलं चढताहेत, हे तिच्या हातून लिहवेना. तिला ते अपशकुनी वाटलं. आपल्या मुलीच्या वाट्याचं काढून तिने त्या अकरांना चारल्यासारखं. म्हणून अकराच्या अकरा मुलं, कुठे बारडोलीकडच्या पाचटाच्या झोपड्यांत असतील तिथून, एका रात्रीत तापाने फणफणली आणि तीनशे ग्रॅमने उतरली. फेब्रुवारीत सहाशे, मार्चात चारशे. तेव्हापासून कधी कधी, अतिकाला अंगावर घेतलं की, तिला वाटायचं, खोलीत गर्दी आहे. कुणीतरी वाट बघत बसलंय. दिसत काही नसे. फक्त अतिका एका बाजूचं पिऊन मान वळवी आणि दुसऱ्या बाजूला लागायच्या आधी थोडं थांबे, कुणाला आधी देऊन मग आपण घ्यावं तसं. गजाला स्वतःला म्हणे, वेडी झालीस. मग उठून दाराला कडी आहे का बघे.

"झाया का वं?" काजलने मागे न वळता विचारलं.

"झालं."

"तोंड काब्र उतरेल शे तुन्हं? सगळा टाळ्या वाजाडी ऱ्हायनात नि तू..."

गजालाने तिला सांगितलं. सगळं नाही, चौकोन रिकामे होते, मी भरले, एवढं. अतिकाचं सांगितलं नाही. काजल वळली, तिने वाटीतलं दूध गजालाच्या हातून घेतलं आणि खिडकीतून बाहेरच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी सोडलं. मग हात पुसत म्हणाली, "एवढंच ना? मी समजनू काय व्हयनं. आज सकायले शिकाडं ना मॅडमनी, तीन महिनानी सरासरी. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी एकजागे कर नि भागी टाक. खड्डा बुजी जाई. साहेब इचारणार बी नही."

गजालाने ते मनात करून पाहिलं. खड्डा खरंच बुजत होता. रेष सरळ, मऊ, मॅडमना आवडेल अशी. आणि ते खोटंही ठरत नव्हतं, सकाळी फळ्यावर शिकवलेलंच तर होतं.

"आनि आयक," काजल आवाज उतरवून म्हणाली, "तुन्हा वरला पाडा गया यादीमातून. आहार केंद्र ना, ते. बाहेर फळावर कागद लायेल शे. हिरवा पाडाले केंद्र भेटस नही."

उन्हाळ्यात ज्या पाड्यांवर दहा किंवा जास्त मुलं कुपोषणाच्या लाल रेघेच्या खाली असतील, तिथे महिनाभर दिवसातून पाच वेळा मुलांना खाऊ घालायचं केंद्र चालणार होतं. अंडी, खिचडी, गूळ-शेंगदाणे. ती यादी उद्या साहेब कायम करणार होते. गजालाने कागद बघितला नाही. तिला तो न बघताही दिसला. त्यात वरच्या पाड्याच्या जागी एक सरळ रेघ होती, पट्टी लावून मारलेली.

तिने मोतीबाईला फोन लावला. वरच्या पाड्यावर फोन लागत नसे, पण आज मोलगीचा बाजार होता. तिसऱ्यांदा लागला. मागे कोंबड्यांचा, जीपवाल्यांच्या हाकांचा गलका. "बोला मॅडम, बोला." गजालाने विचारलं, पोरं आली का होळीला? "आली ना. होळीला कोण राहते तिकडे? दहा आली. मी वजन केलं मार्चमध्ये. या महिन्यात पण केलं." मग फोटो का नाही पाठवला? मोतीबाई हळू आवाजात बोलली. आपण चुकलो की काय, अशी. "मॅडम, ग्रुपवर आपला पाडा हिरवा होता. मी समजली, पोचला. हिरव्याला कोणी विचारत नाही ना." गजालाने डोळे मिटले. वही आहे का जवळ? होती. मोतीबाई वही पिशवीतच घेऊन फिरायची. तिने बाजारात उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली, नाव आणि आकडा, नाव आणि आकडा, शिक्षकासमोर पाढे म्हणावेत तसे एका सुरात, आणि गजाला सतरंज्यांच्या ढिगावर बसून प्रशिक्षणाच्या चकचकीत वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेली. पाच नऊशे. सहा चारशे. आठ शंभर. आकडे तिच्या आकड्यांशेजारी बसेनात. ज्या पोराला तिने साडेनऊ किलोचं केलं होतं तो साडेसातचा होता, ऑक्टोबरपेक्षाही कमी. हरेक मूल आपल्या जागी खाली खाली बसत गेलं, आणि तिने वाढवलेली ती दुसरी, गुबगुबीत, हिरवी मुलं कुठे गेली मग? ती कुणाची होती? त्यांना तिने पाच महिने पोसलं होतं. दहा नावं झाली आणि मोतीबाई थांबली. "अकरावी?" गजालाने विचारलं. "कालीबाई रूपसिंग. ते लोक नाही आले अजून." कालीबाई सव्वा वर्षाची होती ऑक्टोबरात. वहीत तिचं नाव मोठ्या बाईसारखं लिहिलेलं. सहा किलो दोनशे. गजालाच्या हिशोबात ती आता सात आठशे होती, तीही जानेवारीत आजारी पडून उठलेली. "कधी येणार?" "माहीत नाही मॅडम. रूपसिंगचा फोन नाही लागत." मग जीपचा हॉर्न आणि फोन तुटला.

त्या संध्याकाळी अम्मीने दार उघडलं तेव्हा अतिका तिच्या खांद्यावरून झेपावलीच. "दिनभर तेरे कू ढूंढी," अम्मी म्हणाली. "पंखे कू बी मां समझी." गजाला तिथेच, चपला न काढता, भिंतीला टेकून बसली आणि तिला पाजायला घेतलं. मुजफ्फर ग्रीसचे हात साबणाने घासत न्हाणीतून म्हणाला, "सुना, साहब लोगां कंत्राट जून तकच कर रहे? किसी कू निकालने वाले?" ती म्हणाली, "पता नई." भाडं, अतिकाचं औषधपाणी, अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन, हे सगळं त्या कंत्राटाला टांगलेलं होतं आणि ते बोलून दाखवायची घरात कुणाला गरज नव्हती. खिडकीतून अजून ऊन येत होतं. अतिकाच्या कानामागे घाम साचला होता; तिथे गजालाने फुंकर घातली. तिला वाटलं, उद्या मी बोलले तर हिचं वजन चाळीस जणांसमोर बोलावं लागेल. अम्मीने इतक्या जपून न उच्चारलेलं. आणि न बोलले तर? न बोलले तर खड्डा बुजेल. मुलीच्या तापाचे चार दिवस आपण पुसून टाकू, त्याच्यावर सपाट, मऊ रेष ओढू, आणि त्या रेषेखाली दहा मुलं. अतिकाने पिणं थांबवलं, मान वळवली. थांबली. गजालाने आज दाराकडे बघितलं नाही. तिने दुसरी बाजू पुढे केली नाही, ती नुसती वाट बघत राहिली, आणि कुजबुजली, "कोण आहे?" अम्मी चुलीकडून म्हणाली, "क्या बोली?" "कुछ नई, अम्मी."

पहाटे अजान व्हायच्या आधी उठून, अतिका झोपेत असतानाच्या त्या उसन्या तासात, तिने चित्र केलं. मॅडमनी सांगितलेलं सगळं पाळलं. उभा अक्ष शून्यापासून. रंग दोनच. एका चित्रात एकच गोष्ट. हिरवी रेष होती तशी ठेवली. तिच्याखाली तपकिरी रेष. ती ऑक्टोबरात एक ठिपका, मग काहीच नाही, चार महिने काहीच नाही, मग मार्चात एक ठिपका, एप्रिलात एक. संगणक ते ठिपके जोडायला बघत होता. मधली रिकामी जागा त्याला सहन होत नव्हती. प्रत्येक वेळी तो स्वतःहून एक तिरपी रेघ ओढायचा, आणि गजाला प्रत्येक वेळी ती पुसायची.

साहेब अकराला आले. चौथा क्रम तिचा. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "ह्या आपल्याला जानेवारीची गोष्ट सांगणार आहेत." गजाला उभी राहिली आणि पडद्यावर तिचं चित्र पडलं तेव्हा तिला तळव्यांखालची फरशी गार लागली, उन्हाळ्यातही.

"ही तपकिरी रेष मध्येच तुटलीय," साहेब म्हणाले. "दुरुस्त नाही केली?"

"तुटली नाही साहेब. तिथे काही नाहीये. मुलं इथे नव्हती. त्यांना कुणी तोललं नाही."

"मग वरची, हिरवी? ती कुणाची?"

"माझ्या मुलीची."

मागून कुणीतरी हसलं. गंमत केली असं वाटून. साहेबांनी चष्मा काढला. मॅडम हसल्या नाहीत. त्या पडद्याजवळ गेल्या आणि बोटाने एकेक महिना दाबत, ओठ हलवत काहीतरी मोजू लागल्या. गजाला बोलत होती. चौकोन, कार्ड, पाचशे, चारशे. "जानेवारीत साथ नव्हती मॅडम. माझ्या मुलीला ताप होता. सहा आठशेची सहा पाचशे झाली." ते बोलून झालं. आकडा सभागृहात पडला, आणि काही झालं नाही. पंखे फिरत होते. तिला वाटलं होतं, काहीतरी फुटेल.

"म्हणजे खोटी माहिती भरली तुम्ही. पाच महिने."

"हो साहेब."

"कळतं ना ह्याचं काय होतं?"

"कळतं. पण यादी आज कायम होणार आहे. आलेल्या दहापैकी नऊ मुलं लाल रेघेखाली आहेत. अकरावी अजून आलेली नाही."

"आणि हे नवे आकडे खरे कशावरून? हेही तुम्हीच लिहिलेत." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "नोटीस निघेल. ते वेगळं. उद्या काटा घेऊन जायचं, स्वतः तोलायचं, समोर उभं राहून. दहा भरली तर पाडा यादीत. नाहीतर नाही. नियम दहाचा आहे." ती खाली बसली तेव्हा काजलने तिच्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने बाकाखालून काजलचा हात आला आणि तिची करंगळी धरून राहिला. "येडी," काजल ओठांतल्या ओठांत म्हणाली. "मन्हा बी दोन पाडा शेतस तसा." आणि तिच्या नखांचा दाब वाढत गेला.

दुसऱ्या दिवशी मोलगीपर्यंत जीप, पुढे पायवाट. काटा गजालाने खांद्यावर घेतला होता. तीन वर्षांत हजारो वजनं भरलेल्या तिने एकाही मुलाला कधी तोललेलं नव्हतं. मोतीबाईने मोहाच्या झाडाच्या फांदीला काटा टांगला, खाली कापडाची झोळी. पहिलं पोर झोळीत बसवलं तसं ते हातपाय झाडायला लागलं आणि काटा नऊवरून पाचवर, पाचवरून आठवर झुलू लागला. कुठला आकडा लिहायचा? "थांबा मॅडम," मोतीबाई म्हणाली, "ते दमेल मग लिहा." थांबावं लागतं, हे गजालाला माहीत नव्हतं. पोर्टलवर कधी थांबावं लागलं नव्हतं. पोर दमलं, काटा स्थिर झाला. सहा पाचशे. तिने तो आकडा दोनदा वाचला. तो तिच्या जानेवारीचा आकडा होता, दोन वर्षांच्या पोराच्या अंगावर. तिने लिहिला. एकेक करून दहाही झाली. बायका ओट्यावर बसून बघत होत्या. नऊ लाल. दहावा, मोतीबाईच्या दिराचा मुलगा, घरी बकरी असल्याने बऱ्यापैकी होता. त्याच्या आईने तो लाल नाही म्हणून माफी मागितल्यासारखं हसून त्याला उचलून घेतलं.

"नऊ," गजाला म्हणाली.

मोतीबाई तिच्याजवळ सरकली. "दहा पाहिजे ना? कालीबाईचं लिहा. सहा किलो लिहा. होती तेव्हा पण सहाच्या आसपासच होती ती. तुम्ही तर मागे न बघताच लिहिलं, मॅडम." तिच्या आवाजात टोचणं नव्हतं. ती फक्त उपाय सांगत होती. आणि खरंच तो उपाय होता. एक आकडा, आणि उद्यापासून नऊ मुलांना पाच वेळा जेवण. ह्या वेळचं खोटं मुलांच्या बाजूचं होतं. गजालाने पेन चौकोनावर टेकवलं. सहाचा वळसा हाताला तयार होता. तेवढ्यात तिला जाणवलं की ती गर्दी, घरातली, इथे नाही. इथे फांदीखाली रिकामी झोळी होती आणि ती आपोआप हळूहळू फिरत होती. कालीबाईला तिने एकदा असंच वाढवलं होतं. ती मोठी होते आहे असं लिहिलेलं होतं, म्हणून ती आली की नाही हे पाच महिने कुणीच विचारलं नाही. पुन्हा लिहिलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही. सहा किलोचं मूल हरवत नसतं. सहा किलोचं मूल असतं.

ती टेकडीच्या टोकावर गेली, जिथे फोन लागतो असं मोतीबाईने बोटाने दाखवलं होतं, आणि साहेबांना फोन लावला. "नऊ, साहेब. अकरावी इथे नाही."

"नाही म्हणजे? स्थलांतरित?"

"सगळे परत आलेत. तिचं घर आलेलं नाही. कुठे आहेत, कुणालाच माहीत नाही."

पलीकडे कागदांची सळसळ झाली. "मॅडम," साहेब म्हणाले. ते पहिल्यांदाच तिला मॅडम म्हणत होते. "नऊवर मला सही करता येत नाही. आठ दिवस यादी उघडी ठेवतो. शोधा तिला. तिकडच्या लोकांना मी कळवतो. पण नाव-गाव, वर्णन, काहीतरी द्या. नुसतं वजन देऊन मूल शोधता येत नाही."

ती खाली उतरली. मोतीबाईने भाषा बदलून बायकांना कालीबाईबद्दल विचारलं. मग ओट्यावरची एक म्हातारी बोलली. मोतीबाई मराठीत सांगत गेली. उजव्या पायात काळा दोरा, त्यात एक मणी. दुसरी बाई म्हणाली, त्यांना घेऊन गेलेल्या मुकादमाचा ट्रॅक्टर निळा होता. तिसरी म्हणाली, कपाळावर डाग, रांगायला लागली तेव्हा निखारा उडालेला. कुणी म्हणालं, ती कोंबड्यांमागे धावायची. ते लिहायचं का, मोतीबाईने विचारलं. लिहा, सगळं लिहा, गजाला म्हणाली. वजनाच्या चौकोनात काहीच मावत नव्हतं. तिने तो तसाच सोडला आणि शेजारच्या समासात लिहायला घेतलं, समास भरला तेव्हा पान आडवं करून, बारीक अक्षरांत. बायका आता एकमेकींना अडवून, दुरुस्त करून सांगत होत्या. डाग डावीकडे, उजवीकडे नाही. मणी लाल नाही, पिवळा.